कोतवालाची गोणी

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

हार्डवेअरच्या दुकानाचे मालक आज कोतवालाला परत घेऊन आले. ऑटोच्या मागच्या सीटला दोरीने बांधून आणले, फाटकापाशी दोरी माझ्या हातात कोंबली आणि वर मलाच झापले.

"काय कुत्रं देलं बाप्पा तुमी! गिऱ्हाइकाले आत येऊ देते, शेपटी हालवते, अन् तो बिचारा खिळे घेऊन निंगाला का त्याची पँट धरते. माह्यं दुकान हाय का जेल हाय?"

मी म्हणालो, "शेठ, राखणदार पाहिजे असे तुम्हीच म्हणाले होते."

"राखनदार चोरासाठी पायजे, बे! गिऱ्हाइकासाठी नाही!"

कुंदाताई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या आमच्या श्वानगृहाच्या सर्वेसर्वा आहेत, जन्म सरकारी दवाखान्यात नोकरी करण्यात गेला, माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. पण त्यांचे हसणे मला आवडले नाही. यात हसण्यासारखे काहीही नाही. कुत्र्याने आपले काम केले आणि त्याची त्याला शिक्षा झाली.

कोतवाल राळेगाव रोडवरच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमधला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातला आहे. कापसाच्या गाड्या फाटकातून आत आल्या तर त्याने गप्प बसायचे आणि फाटकातून काहीही बाहेर जाऊ लागले तर अडवायचे, असे त्याला चौकीदाराने शिकवले होते. जिनिंगला कुलूप लागले. मालक गेला, चौकीदार गेला, कुत्रा कुलपाच्या आत राहिला. आमची गाडी त्याला आणायला गेली तेव्हा तो आम्हाला काही बोलला नाही. मात्र त्याला उचलून बाहेर नेऊ लागलो तेव्हा त्याने आमच्या ड्रायव्हरला, बबलूला, धरले. म्हणजे स्वतःलासुद्धा बाहेर नेऊ देत नव्हता! असा इमानदार प्राणी मी पाहिलेला नाही. आणि लोक त्याला खोडीचा म्हणतात.

आमच्या समितीचा नियम असा की तीन वेळा परत आलेला कुत्रा पुन्हा कोणाला द्यायचा नाही. त्याला मागच्या पिंजऱ्यात ठेवायचे, ते कायमचेच. मागचे पिंजरे भिंतीकडे तोंड करून आहेत. तिथे आज एक काळी कुत्री आहे, ती दिवसभर एकाच जागी गोल फिरते. त्या पिंजऱ्यांत मी रोज अन्न ठेवतो आणि मान खाली घालून परत येतो.

कोतवालाचे हे पहिले परत येणे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज कोतवालासाठी नवी गोणी उकळून, वाळवून ठेवली. गोचीड राहू नये म्हणून पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला. बबलू म्हणाला, "अबे सेवादास, कुत्र्याचं अंथरून हाय का नवरदेवाची गादी?" मी गोणीची घडी घातली. त्याला काही समजत नाही.

आमचे आजोबा प्रेमसिंग सांगायचे की पूर्वी आपला बंजाऱ्यांचा तांडा बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. मुक्काम पडला की गोण्या उतरवून त्यांची थप्पी लावायची, आणि कुत्रा थप्पीवर झोपायचा. त्याला घर माहीत नसे, फक्त गोणी माहीत असे. पहाटे गोणी उचलली की तो समजायचा, इथले संपले, आणि उठून चालू लागायचा. म्हणून मी इथून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासोबत त्याची गोणी देतो. बाकी कोणत्या श्वानगृहात ही पद्धत असेल असे वाटत नाही. कुंदाताईंनी वर्तमानपत्रवाल्यांना ती आपलीच कल्पना म्हणून सांगितली. असो.

१२ ऑक्टोबर, रविवार

कोतवालाला नवे घर मिळाले. सलील सर आणि प्राची मॅडम, यवतमाळातच एका कॉलनीत राहतात. सर विमा कार्यालयात, मॅडम घरूनच कॉम्प्युटरवर काम करतात. शिकलेली माणसे आहेत, पण शिकलेल्या माणसांना गोष्टी नीट समजावून सांगाव्या लागतात, कारण त्यांना वाटते की आपल्याला समजले. मी त्यांना जेवण, पाणी, साखळी, आंघोळ, फटाके, सगळे सांगितले. मग परत पहिल्यापासून सांगितले. दर रविवारी मी स्वतः पाहायला येईन आणि गोणी बदलून नेईन, हेही सांगितले.

मॅडम म्हणाल्या, "कुत्रा देताय की मुलगी देताय हो?"

सर म्हणाले, "अगं, हुंडा काय देतात ते आधी विचार."

दोघे हसले. मी हसलो नाही. कोतवाल त्यांच्या गाडीत बसला आणि काचेतून मागे पाहत गेला.

१९ ऑक्टोबर, रविवार

सायकलने गेलो. कोतवालाने लांबूनच ओळखले. घर स्वच्छ आहे. पण पाण्याचे भांडे उन्हात होते, ते मी सावलीत केले. साखळी फाटकाच्या बाजूला होती, ती आतल्या बाजूला केली. मॅडम पाहत होत्या.

मॅडमनी एक युक्ती काढली आहे. घरातून काहीही बाहेर न्यायचे असले, कचऱ्याची बादली असो की सरांचा डबा, त्या ते आधी कोतवालासमोर जमिनीवर ठेवतात, त्याला हुंगू देतात, मग उचलतात. "आठवडाभर एकदाही भुंकला नाही," म्हणाल्या. मी म्हणालो, हे लाड झाले. पण मनात म्हटले, बरे आहे.

निघताना मळकी गोणी काढून नवी अंथरली आणि मळकी खांद्यावर टाकली. कोतवाल फाटकापर्यंत आला आणि त्याने माझी पँट पोटरीपाशी तोंडात धरली. दात लावले नाहीत. नुसती धरली आणि उभा राहिला. मी "सोड" म्हणालो तरी सोडेना. शेवटी सरांनी त्याला मागे ओढले. पोटरीपाशी पँट ओली झाली होती. दुसऱ्यांना तो चावतो, मला मात्र धरून ठेवतो. हा फरक लोकांनी पाहायला पाहिजे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

सरांचा फोन. काल कोतवालाने इस्त्रीवाल्याचे गाठोडे ओढून अख्ख्या गल्लीभर कपडे पसरले. "शनिवारपर्यंत तोच इस्त्रीवाला त्याच्या डोक्यावरून हात फिरवून जात होता हो," सर म्हणाले. "एकदम काय झालं कळत नाही."

कळत नाही म्हणजे काय? मी स्पष्ट विचारले, गाठोडे त्याला हुंगायला दिले होते का? दिले होते म्हणाले. मग फटाके वाजले असतील. वाजले म्हणाले. मग कुत्र्याची काय चूक? सण तुमचा, फटाके तुमचे, गाठोडे तुमचे, आणि दोष त्याचा!

याडीचा, म्हणजे माझ्या आईचा, संध्याकाळी फोन आला. दिवाळीला घरी का नाही आला, म्हणून रडली. मी म्हणालो, कोतवालाचे नवे घर आहे, मला रविवारी जावे लागते. याडी म्हणाली, तुझ्या बहिणीचे लग्न झाले तेव्हा तिच्याकडे वर्षात एकदा गेला होतास. तिला सांगून काय उपयोग? बहीण बोलू शकते. काही त्रास असला तर फोन करते.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज जे झाले ते मी जसेच्या तसे लिहीत आहे, म्हणजे पुढे कोणी मला खोटे पाडू नये.

मी गेलो तेव्हा कोतवाल खुशीत होता. जेवण पूर्ण खाल्लेले, भांडे चाटून ठेवलेले. मॅडमनी चहा दिला आणि मग म्हणाल्या, "सेवादास, राग मानू नका हं. मागच्या रविवारी तुम्ही गेलात आणि त्यानंतर तो दोन दिवस जेवलाच नाही. फाटकातच बसून होता. मंगळवारनंतर हळूहळू निवळला. मला वाटतं, एखादा महिना तुम्ही नाही आलात तर..."

मी कप खाली ठेवला.

"म्हणजे मी येऊ नको?"

"तसं नाही. फोन करा, मी व्हिडिओ पाठवीन."

"आणि गोणी?"

"गोणी मी मशीनमध्ये धुते ना! इथेच राहू दे तिला."

मशीनमध्ये! गोणी! माझे कान गरम झाले. ज्या माणसाने या कुत्र्याला जिनिंगच्या कुलपातून काढले, ज्याने त्याच्या अंगावरचा एकेक गोचीड चिमट्याने काढला, त्याने येऊ नये, आणि ज्यांनी त्याला पंधरा दिवसांपूर्वी पाहिले त्यांनी ठरवायचे! उठलो, मळकी गोणी काढली, नवी अंथरली, निघालो. कोतवालाने पुन्हा पँट धरली. या वेळी रडल्यासारखा आवाज काढला. मी मॅडमकडे पाहिले, म्हणजे त्यांना दिसावे की तो कोणाचा आहे. त्या खाली पाहत होत्या.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कोतवाल परत आला. दुसऱ्यांदा.

सलील सरांच्या आत्या दिवाळीला आल्या होत्या. आज सकाळी फराळाचा डबा घेऊन निघाल्या. त्यांचा हात धरला, टाके पडले. सरांनी साखळी माझ्या हातात दिली. मॅडम गाडीतून उतरल्याच नाहीत. काचेच्या आत रडत होत्या.

रडायला काय झाले? ठेवायचे होते ना मग! आत्यांना सांगता येत नव्हते की डबा आधी दाखवा? दोन आठवडे ठेवले आणि एका डब्यापायी काढून टाकले. शिकलेली माणसे!

कुंदाताई मात्र माझ्याकडेच पाहत होत्या. "सेवादास, प्राचीने मला काही सांगितलंय. आपण नंतर बोलू." बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही.

आता एकच वेळ उरली. कोतवाल पुढच्या पिंजऱ्यात झोपला आहे. मी जवळ गेलो तर त्याने शेपूट हलवले नाही. त्या घराने त्याला असे करून ठेवले.

३ नोव्हेंबर, सोमवार

नेर रोडवरच्या एका तांड्यातून भुरीबाई नावाची म्हातारी आली. हातभर बांगड्या, तोंडात तंबाखू, सोबत कोणी नाही. एसटीने आली आणि फाटकातूनच ओरडली, "कुत्रं देता म्हनून आयकलं, कुठं हाय?" मी "जय सेवालाल" म्हणालो तेव्हा तिला कळले की मी आपल्यातला आहे. मग ती आपल्या बोलीत बोलू लागली. इथे मराठीत लिहीत आहे.

मी तिला प्रामाणिकपणे सगळे सांगितले. हा आत येऊ देतो, बाहेर काही नेऊ देत नाही, दोन घरांतून परत आला आहे. वाटले घाबरेल. ती टाळी वाजवून हसली.

"अरे, मले असंच पायजे! माह्या घरी येनारे लय. चहा पेतात, गोष्टी सांगतात, अन् जाताना कोनी इळा घेऊन जाते, कोनी तेलाची कॅन. माहा दीर धनसिंग, त्याच्या घरात माह्या घरचा सारा सामान हाय. मले म्हनते, वहिनी, तुले दिसत नाही आता. मले सारं दिसते!"

मी विचारले, आवाराला कुंपण आहे का? नाही. लसीचे वेळापत्रक पाळाल का? "तू आहेस ना, तू पाळ." जेवायला काय द्याल? "मी जे खाईन ते." मी कुंदाताईंना बाजूला नेऊन सांगितले की हे घर योग्य नाही. त्या म्हणाल्या, "मग कोणतं योग्य आहे, सेवादास?" हा काय प्रश्न झाला? योग्य ते योग्य.

भुरीबाई पिंजऱ्याकडे पाठ करून उकिडवी बसली, कोतवालाकडे पाहिलेसुद्धा नाही, तंबाखू मळत बसली. थोड्या वेळाने कोतवाल उठून जाळीपाशी आला आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसला. यात काही विशेष नाही. कुत्र्यांना तंबाखूचा वास आवडतो.

बबलूने दोघांना गाडीने तांड्यात सोडले. गोणी मी दिली.

९ नोव्हेंबर, रविवार

एसटीने गेलो. तांड्यावर उतरलो तर समोर सगळीकडे कापूस फुटलेला. भुरीबाईच्या ओसरीवर वेचलेल्या कापसाचा ढीग होता आणि बाजूला कोतवाल माझ्या गोणीवर झोपला होता. साखळी नव्हती! मी तिथेच सुरू झालो. भुरीबाई म्हणाली, "श्वास घे बाप्पा, अन् पानी पे."

मग तिने हसत हसत सांगितले. परवा धनसिंग आला, चहा प्यायला, आणि जाताना कुऱ्हाड घेऊन निघाला. कोतवाल वाटेत आडवा. धनसिंग उजवीकडे, कोतवाल उजवीकडे. शेवटी धनसिंगाने कुऱ्हाड ठेवली, तेव्हा कोतवालाने त्याला अदबीने वाटेला लावून दिले. "माह्या नवऱ्यानं जन्मभर जे केलं नाही, ते त्यानं चार दिवसांत केलं!"

ती म्हणाली, वेचणीच्या बाया निघाल्या की त्यांची गाठोडी ती त्याच्यासमोर सोडून दाखवते, आणि "जाऊ दे" म्हणते. तो पाहतो आणि बसतो. म्हणजे प्राची मॅडमसारखेच. यांना हे कोण शिकवते कोण जाणे.

गोणी फारच मळली होती. कापसाच्या सरक्या, गवत, चिकट डाग. बदलली. मळकी घेऊन निघालो. कोतवाल सडकेपर्यंत मागे आला, पँट धरली, सोडेना. एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. भुरीबाई लांबून पाहत होती. तिला मी हात केला, तिने केला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रागाने पेन दाबून लिहीत आहे. अक्षर वाईट येत आहे.

भुरीबाईचा फोन आला होता, तांड्यातल्या कोणाच्या तरी मोबाइलवरून. काल संध्याकाळी वेचणीच्या एका बाईला तो चावला. ती आपला डबा घेऊन घरी निघाली होती. डबा त्याला दाखवला होता, "जाऊ दे" म्हटले होते, तरी धरले. दात लागले. तिला आज सकाळी बबलूच्या गाडीने नेरला नेऊन इंजेक्शन दिले. बाकीच्या बाया म्हणतात, कुत्रा असला तर उद्यापासून वेचायला येणार नाही. आणि कापूस शेतात राहिला तर रानडुकरे आहेत, पाऊस आहे. भुरीबाई म्हणाली, "रविवारपरेंत पाहातो. नाही तर मले घेऊन या लागंल."

घेऊन यावे लागेल! म्हणजे तिसऱ्यांदा. म्हणजे भिंतीकडे तोंड.

मीच सांगितले होते, कुंपण नाही, घर योग्य नाही. माझे कोणी ऐकले? कुंदाताईंना मी हे सगळ्यांसमोर बोललो. त्या म्हणाल्या, "सेवादास, रविवारी तू जाऊ नकोस." मी म्हणालो, आता तर मी जाणारच. मी नाही गेलो तर तिथे त्याची बाजू कोण घेणार?

१६ नोव्हेंबर, रविवार

माझ्या आयुष्यात माझा एवढा अपमान झाला नाही.

मी गेलो तेव्हा ओसरीवर भुरीबाई, तो धनसिंग आणि वेचणीच्या दोन बाया बसल्या होत्या. कोतवाल मला पाहून उठला. मी पिशवीतून धुतलेली गोणी काढली आणि त्याच्या खालची ओढली, तशी भुरीबाई ओरडली.

"ठेव ती खाली!"

"याडी, मळली आहे. गोचीड होतात."

"होऊ दे! ठेव म्हनतो ना!"

मी ठेवली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझ्या खांद्याएवढी आहे.

"तू काहून येतं रे दर रविवारी? तू येतं, त्याच्याखालचं अंथरून काढतं, खांद्यावर टाकतं अन् चाललं जातं. त्यानं काय समजावं? त्याले वाटते, चला, इथलं आटपलं. तू त्याले सोबत नेत नाही अन् इथं राहूही देत नाही. मंग ते पागल होते, कोनाचाही डबा धरते. शनिवारपरेंत गाय असते गाय! तू आला का सोमवारी कोनी ना कोनी रडते!"

धनसिंग म्हणाला, "कुत्र्याले नाही, वहिनी, ह्यालेच साखळी लावा लागंल."

बाया हसल्या. त्यांपैकी एकीच्या हाताला पट्टी होती, तीसुद्धा हसली.

मी शांतपणे म्हणालो की गोणीची पद्धत माझीच आहे, आणि ती आपल्या पूर्वजांची आहे. मुक्कामावर कुत्रा गोणीवर झोपायचा आणि गोणी उचलली की इथून निघायचे आहे हे त्याला समजायचे, हे आजोबांनी सांगितलेले मी तिला पूर्ण सांगितले.

भुरीबाई माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "अन् तरी तुले समजत नाही?"

काय समजत नाही? मला जे समजते तेच तर मी तिला सांगत होतो!

"जाय बेटा," ती म्हणाली, आवाज एकदम खाली आणून. "बोंडं संपेपरेंत येऊ नको. तुह्या पायी पडतो."

म्हातारी बाई, तिने माझ्या पाया पडायची भाषा केली. मी काय गुन्हेगार आहे? निघालो. कोतवालाने पँट धरली. मी पाय झटकला. पहिल्यांदाच झटकला. मागे वळून पाहिले नाही.

आता मी जाणार नाही. त्यांनी बोलावले तरी नाही. कळू दे त्यांना, माझ्याशिवाय काय होते ते.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गेलो नाही. फोनही केला नाही. कुंदाताईंनी विचारले, "काल तांड्यावर नाही गेलास?" मी म्हणालो, "मला तिथे काही काम नाही." त्या "शाबास" म्हणाल्या. शाबास कशासाठी? मी रागावलो आहे हे यांना दिसत नाही का?

तांड्यातून फोन नाही. म्हणजे लपवून ठेवत असतील.

७ डिसेंबर, रविवार

आज मागचा रिकामा पिंजरा धुऊन काढला. जाळीचा गंज घासला, पत्र्याचे भोक बुजवले. तो येणारच आहे, मग निदान स्वच्छ जागेत यावा. गोणीही अंथरून ठेवली. काळी कुत्री गोल फिरायची थांबून माझ्याकडे पाहत होती.

कुंदाताई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कोणासाठी रे?"

"तयारी असलेली बरी," मी म्हणालो.

त्यांनी अंथरलेल्या गोणीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तुला तो यायला हवा आहे का?"

इतकी वर्षे मी इथे राबलो आणि माझ्याबद्दल असा विचार! मी बादली उचलली आणि निघून आलो. जेवलो नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सकाळी बबलू नेरहून आला. म्हणाला, "तुह्या भुरीबाईच्या ओसरीवर कुत्रं नव्हतं बे."

"नव्हते म्हणजे?"

"नव्हतं म्हंजे नव्हतं. गोनी पडेल होती, कुत्रं नव्हतं."

मला सगळे समजले. हाकलून दिला. किंवा कोणी विष घातले. आणि आम्हाला कळवलेसुद्धा नाही! मी तसाच निघालो. एसटीत बसून काय काय बोलायचे ते सगळे ठरवले. पोलिसात जाईन, हेही ठरवले. धनसिंगाला वेगळे बोलायचे होते.

ओसरीवर खरेच कोणी नव्हते. गोणी होती, काळी कुळकुळीत झालेली. शेताकडे गेलो. भुरीबाई शेवटची वेचणी करत होती, सोबत त्याच बाया. त्यांचे डबे आणि गाठोडी बांधावर तुरीच्या सावलीत ठेवलेली होती, आणि त्यांच्या मधोमध कोतवाल झोपला होता. जाडा झाला आहे. कानामागे एक गोचीड होता, तो मला दुरूनच दिसला.

"आले का पाव्हने!" भुरीबाई ओरडली. "मी म्हनलं, कसे आले नाही अजून!"

"ओसरीवर गोणी एकटी कशी?" मी विचारले.

"मंग? ते कामावर येते ना माह्यासंग. गोनी कायले आनीन? संध्याकाळी घरी जातेच ना ते."

एसटीत ठरवलेले बरेच होते. त्यात गोणी घरी ठेवण्याबद्दल काही नव्हते. कोतवाल उठला, माझ्याजवळ आला, हात हुंगला, डोके माझ्या गुडघ्याला घासले. मी गोचीड काढला. मग तो परत गेला, डब्यांच्या मध्ये जाऊन गोल फिरला आणि बसला. मी म्हणालो, "कोतवाल!" त्याने शेपूट आपटले. उठला नाही.

पट्टीवाल्या बाईची पट्टी गेली आहे. तिने आपल्या डब्यातली पोळी त्याला टाकली आणि मला म्हणाली, "तुम्हाले नाही देनार, तुम्ही चावता." सगळ्या हसल्या. मीच एकटा उभा होतो.

भुरीबाईने माझी पिशवी ओढून घेतली आणि तुरीच्या ओल्या शेंगांनी ठासून भरली. "रिकाम्या हातानं जाऊ नको. तुह्या याडीले सांग, शेंगा सोलून सोले वांग्यात घाल म्हना." मी नको म्हणालो. तिने ऐकले नाही.

निघालो. वाट कोतवालाच्या अगदी जवळून होती. पिशवी मोठी होती आणि उघडी होती, शेंगा वर दिसत होत्या. त्याला दिसल्याच पाहिजेत. मी सावकाश चाललो. त्याच्यासमोर थांबलो, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्याने मान वर केली, पिशवी पाहिली, भुरीबाईकडे पाहिले. ती वेचत होती, तिने हातसुद्धा केला नाही. कोतवालाने मान खाली टाकली आणि डोळे मिटले.

मी बांधाच्या टोकापर्यंत गेलो. परत वळून पाहिले. मग आणखी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, कारण एसटीला उशीर होता.

या कुत्र्याने खिळे नेऊ दिले नाहीत, कपडे नेऊ दिले नाहीत, कुऱ्हाड नेऊ दिली नाही. आणि मी, ज्याने त्याच्यासाठी दिवाळी सोडली, मी भरलेली पिशवी घेऊन त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेलो, तर त्याला उठावेसे वाटले नाही. काय म्हणायचे याला?

एसटीत कंडक्टरने पिशवीत डोकावून पाहिले. "शेंगा लय ताज्या दिसून राह्यल्या, भाऊ. कोनी देल्या?"

"आमच्या कुत्र्याच्या घरून आणल्या," मी म्हणालो.

तो हसला, पुढच्या बाकावरची बाई हसली, तिने आपल्या नवऱ्याला सांगितले, तोही वळून हसला. यवतमाळ येईपर्यंत त्यांचे चालू होते. कुत्र्याला घर असते, यात एवढे हसण्यासारखे काय आहे, मला समजले नाही.